निंबाखालचे मुन्सफ

सखारामजींनी एखादं पुस्तक नुसतं वाचलं, असं कधी झालं नाही. ते पुस्तकावर खटला चालवत. पुस्तक म्हणजे आरोपी, वाचणारे सगळे साक्षीदार, आणि वाशीमच्या कचेरीबाहेर निंबाखाली गोणपाटावर मांडी घालून बसलेले सखारामजी म्हणजे मुन्सफ. खऱ्या मुन्सफाचं कोर्ट तिथून पन्नास पावलांवर होतं. पण शनिवारी दुपारी गर्दी निंबाखाली जास्त असे, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

धंद्याने ते अर्जनवीस. ज्याला कचेरीत अर्ज द्यायचा असेल त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं आणि ते कचेरीला समजेल अशा भाषेत कागदावर उतरवून द्यायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं लोकांच्या तक्रारी लिहून त्यांच्या डोक्यात जगात दोनच जातीची माणसं उरली होती, फिर्यादी आणि आरोपी. अंगात एक बटण तुटलेला काळा कोट, चष्म्याची एक काडी तारेची आणि दुसरी दोऱ्याची, पुढ्यात लिहायची उतरती पेटी. डाव्या हाताला लाल कापडाचे दोन बस्ते. एकात लोकांचे अर्ज, दुसऱ्यात पुस्तकं. घाईत कधी बस्ते बदलले जात, आणि मग शिरस्तेदाराच्या टेबलावर हद्दीच्या तक्रारीऐवजी एखाद्या राजकन्येचं स्वयंवर जाऊन पडे.

ही पुस्तकं ते कुठून आणत? काही फुलचंदशेठ कापडवाले टपालाने मागवत, ती उसनी येत. काही रेल्वेच्या उतारूंनी स्टेशनवर विसरलेली. पण बरीचशी शेलूबाजारच्या आठवडी बाजारातून, किराण्याच्या पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतून उपसलेली. अशा पुस्तकांना ते "जामिनावर सोडवून आनलेले" म्हणत. त्यांची निम्मी पानं हळदीच्या आणि जिऱ्याच्या पुड्यांबरोबर आधीच गावोगाव गेलेली असत. सखारामजी पहिल्या कोऱ्या पानावर नोंद करत : "पान एकेचाळीस ते छप्पन्न फरार."

खटला चाले तो असा. पुस्तक आधी चार-पाच जणांत फिरे. प्रत्येकाने ते वाचून शनिवारी साक्षीला यायचं. कचेरी त्या दिवशी लवकर आटपे. मग सखारामजी पुस्तक उजव्या हातात धरत, साक्षीदाराला त्यावर तळवा ठेवायला लावत आणि विचारत :

"संपूर्ण वाचलं का? शपथेवर सांगा."

हे त्यांचं पालुपद. अर्धं वाचून मत देणारा माणूस त्यांना चोरापेक्षा वाईट वाटे. "चोर निदान पुरं घर धुंडाळते," असं म्हणत.

साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली, की फैसला. तो पुस्तकाच्याच कोऱ्या पानावर, टाकाने, कचेरीच्या वळणदार अक्षरात. त्यातले काही मला आजही तोंडपाठ आहेत. एका गुप्तहेराच्या कादंबरीवर त्यांनी लिहिलं होतं : "गुन्हेगार या कोर्टास पाचव्याच पानावर सापडला. पुढील दीडशे पाने पोलिसांनी रिकामी पायपीट केली. गावाला पाटील बरा असता तर पुस्तक तिथेच संपते." एका कवितासंग्रहावर : "आरोपी बोलतो गोड, परंतु नेमके काय घडले ते सांगत नाही. ऐकण्यास पुन्हा बोलवावे." एका रडव्या सामाजिक कादंबरीवर : "नायिका एकूण सतरा वेळा रडली. पैकी नऊ वेळा सबळ कारण आढळले नाही." शेतीवरच्या एका जाड पुस्तकाच्या लेखकाला त्यांनी एक हंगाम वखर हाकण्याची सश्रम शिक्षा दिली होती, कारण त्याने काळी जमीन पावसानंतर दुसऱ्याच दिवशी नांगरायला सांगितली होती. तो चिखल ज्याने एकदा तुडवला तो असं लिहिणार नाही. आणि पुण्याकडच्या एका पाकशास्त्राच्या पुस्तकावर फक्त एक ओळ : "प्रत्येक भाजीत गूळ. हे प्रकरण या कोर्टाच्या हद्दीबाहेरचे आहे."

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे.

मी इंझोरीचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि आमच्या गावातून नागपूरला जाऊन बी. ए. झालेला मी पहिला. परत आलो तेव्हा माझ्यासाठी वेशीपर्यंत डफडं वाजत आलं होतं. मला गर्व झाला, आणि तो अजून आहे. ज्याने वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या ओसरीवर राहून, हाताने स्वयंपाक करून परीक्षा दिल्या, त्याने नम्र का असावं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. त्या वेळी मात्र माझा गर्व जरा जास्तच ताजा होता. वाशीमच्या शाळेत मास्तर झालो आणि वाण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा सही करताना पुढे "बी. ए." लिहू लागलो.

सखारामजींची गाठ पडली ती बापूच्या वावराच्या अर्जामुळे. बापू म्हणजे माझे वडील. शेजाऱ्याने शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरला होता. मी इंग्रजीत दोन पानी अर्ज लिहिला आणि ऐटीत कचेरीत दिला. तो दुसऱ्या दिवशी परत आला. शिरस्तेदार म्हणाला, "बाहेर निंबाखाली जा, तिथून लिहून आणा." मी रागातच गेलो. सखारामजींनी माझा अर्ज डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत बघितला. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं, तरी एक ओळ सोडली नाही. मग म्हणाले,

"भाषा लय झाक दिसते. पन बाप्पा, वावर कोनाचं हाये, हे लिहाचंच राह्यलं."

खरंच राहिलं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी मला "बी. ए." हेच नाव ठेवलं. माझं नाव नामदेव, हे त्यांना ठाऊक होतं, पण हाक मारायची ती "या बी. ए., बसा बी. ए., काय म्हनते तुमचं इंग्लंड?" अशी. मी चिडायचो आणि दर शनिवारी न चुकता जायचो. कारण सांगतो. मी नागपूरला पुस्तकांवरची मतं ऐकली होती, ती प्रोफेसरांनी सांगितलेली आणि आम्ही उतरून घेतलेली. पुस्तकावरून दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ शकतात, हे मी पहिल्यांदा निंबाखाली पाहिलं.

धावून जाणारे बहुतेक वेळा फुलचंदशेठ असत. हे कापडाच्या दुकानात गादीवर बसून, ताग्यांच्या आड, नुसत्या गुप्तहेरकथा वाचत. सखारामजींनी एकदा त्यांना मुद्दाम एक बोधपर पुस्तक दिलं. शनिवारी शेठ साक्षीला आले, पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाले, "अतिउत्तम. डोळ्यातून पानी आलं."

"संपूर्ण वाचलं?"

"म्हंजे काय! दोनदा."

सखारामजींनी पुस्तक घेतलं, शेवटाकडची पानं हलकेच उघडली आणि सगळ्यांसमोर धरली. दोन पानांच्या मध्ये बोटभर लांबीचा कापसाचा एक कच्चा धागा जसाच्या तसा पडलेला होता. फुंकर मारली तरी उडेल असा.

"शेठ, हा मीनं ठेवला तिथंच हाये. तुमी दोनदा वाचलं तं हा कुठीसा उठून उभा राह्यला होता का?"

निंबाखाली इतका हशा उसळला, की खऱ्या कोर्टातला चपराशी बाहेर येऊन दटावून गेला. शेठची शिक्षाही तिथेच ठरली. राहिलेला सगळा भाग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येईल असा वाचून दाखवायचा. शेठ घाम पुसत पुसत तासभर वाचत होते. शेवटी त्यांना ते पुस्तक खरंच आवडलं, हा भाग वेगळा.

तेव्हापासून सगळ्यांना कळलं, की सखारामजींच्या प्रत्येक पुस्तकात कुठे ना कुठे धागा असतो. मी तर जिथे तिथे सांगायचो, की आपल्याला धाग्याची भीती नाही, आपण पदवी वाचून घेतली आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी इंझोरीला निघालो, तेव्हा त्यांनी मला पुस्तकांचं एक गाठोडं दिलं. त्यात एक प्रवासवर्णन होतं, एक ज्योतिषाचं पुस्तक होतं, आणि त्या दोघांच्या मध्ये लाल कापडाने बांधलेली एक वही. वहीवर नाव नव्हतं, गाव नव्हतं. आत शिसपेन्सिलीने लिहिलेली एक गोष्ट. अक्षर मोठं, थोडं वाकडं, विरामचिन्हांचा पत्ता नाही. मला वाटलं, कोणा होतकरू लेखकाने सखारामजींकडे मतासाठी दिली असेल आणि ती गाठोड्यात आली असेल.

खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात मुंबईच्या एका मासिकाने माझा लेख परत पाठवला होता. "साभार परत" एवढीच चिठ्ठी. माझं तोंड कडू झालं होतं. अशा वेळी माणसाच्या हातात दुसऱ्याची वही येऊ नये.

गोष्ट अशी सुरू होत होती. साळू नावाची नवी नवरी गाडीत बसून सासरी चालली आहे. गाडीला दोन बैल. एकाचं नाव पवळ्या. दुसऱ्याचं नाव तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही, कारण नव्या नवरीने विचारू नये. मग एक गाव येतं. गावाचं नाव काय, ते तिने विचारलं नाही. मग एक नदी येते. नदी कोणती, तेही तिने विचारलं नाही. मी सहा पानं वाचली, सात वाचली. गाडी चाललीच होती, साळू गप्पच होती. आठव्या पानावर मी वही मिटली, टाक घेतला आणि पहिल्या कोऱ्या पानावर शाईने लिहिलं :

"कथानक नाही. नायिका गाडीत बसते आणि बसूनच राहते. शुद्धलेखन दयनीय. घरगुती बडबड आणि वाङ्मय यांतला फरक लेखकास ठाऊक नाही. लेखकाने यापुढे लेखणी हाती धरू नये, हीच शिक्षा."

खाली सही. पुढे बी. ए.

लिहिताना मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

सुट्टी संपली. पहिल्याच शनिवारी गाठोडं घेऊन गेलो. प्रवासवर्णन झालं, ज्योतिष झालं. ज्योतिषाच्या पुस्तकाला "साक्षीदार भविष्यातील असल्याने हजर करता येत नाहीत" म्हणून तहकूब करण्यात आलं. मग सखारामजींच्या हाताला लाल कापड लागलं. त्यांनी ते सोडलं नाही. लोकांकडे बघून म्हणाले,

"आजचं कोर्ट उठलं. जा आता घरोघरी."

"अजून एक राह्यलं ना!" फुलचंदशेठ म्हणाले.

"ते बंद खोलीत चालन."

"निंबाखाली कुठली आली बंद खोली?"

"तुमी गेले की होते बंद. उठा शेठ, गिऱ्हाईक खोळंबलं असन."

सगळे गेले. उन्हं कलली होती. आम्ही दोघंच राहिलो. सखारामजींनी कापड सोडलं, वही उघडली आणि मी लिहिलेलं वाचू लागले. ते नेहमी मनात वाचताना ओठ हलवत. ओठ हलत होते. एका जागी ते थांबले. मग पुन्हा मागे गेले, पुन्हा त्याच जागी थांबले. मी मनात म्हटलं, 'दयनीय' शब्द अडला असेल. त्यावर बोट ठेवून त्यांनी मला दाखवलं. तो शब्द दुसराच होता.

"इथं तुमी 'लेखक' लिहिलं."

"हो. का?"

"तिले लेखक म्हननारे तुमी पहिले, बी. ए."

मला काही कळेना. "कोणाला?"

"पारबतीले. माह्या घरचीले."

सखारामजी एकटे राहतात, हे मला ठाऊक होतं. बायको कधीच वारली, एवढंही कानावर होतं. त्यापलीकडे मी कधी विचारलं नव्हतं. आता ते वहीकडे बघत बोलू लागले.

"लगन झालं तवा तिले अक्षर येत नोतं. म्या म्हतलं, निदान नाव तं लिहिता यावं. शिकवलं. तिचं नावावर कुठीसा भागते! पुड्यायचे कागद वाचे, पंचांग वाचे, माहे अर्ज वाचे. भाकरी थापता थापता मले इचारे, 'दिवसभर तुमी कचेरीत मानसायचे फैसले आयकता, आन् या पुस्तकाचा फैसला कोन करन?' हे कोर्ट माहं नोय, बी. ए. हे तिच्या चुलीपाशी सुरू झालं. 'संपूर्ण वाचलं का' हे तिचंच इचारनं. मी अर्धं वाचून मत ठोकलं की चिमटा दाखवे. आन् धागा पन तिचाच. मले पकडाले ठेवे."

ते हसले. मी हसलो नाही.

"मंग तिनं लिहाले घेतलं. मले दाखवे नाही. म्हने, 'पुरं झाल्याबिगर नाही.' ते पुरं झालं नाही. तापाची साथ आली, त्यात गेली. एकवीस वर्सं झाली. तवापासून हा खटला तहकूब हाये. मी काय फैसला करू? मी पडलो पक्षकार. आपल्याच घरचं प्रकरन आपल्या कोर्टात चालते का कधी?"

"मग मला चुकून आली ती वही," मी म्हणालो. मला कुठेतरी सुटायला जागा हवी होती.

"चुकून?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तीस वर्सं बस्ते बांधून राह्यलो मी. माही गाठ चुकत नाही. मुद्दाम ठेवली. फुलचंदशेठले देली असती तं तो 'अतिउत्तम' म्हनला असता. वळखीचे लोक माह्या तोंडाकडं पाहून बोलतीन. तुमी कोनाच्या तोंडाकडं पाहात नाही. म्हनून तुमाले देली. तुमी खरं लिहिलं. कडू हाये, पन खरं हाये. एकवीस वर्सांनी कोनीतरी माही पारबती पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचली. मले येवढंच पायजे होतं."

असं म्हणून त्यांनी वही मिटली. कापड गुंडाळायला घेतलं.

त्या दिवशी त्यांनी शपथ विचारली नाही. धागा तपासला नाही. ज्या माणसाने कोणाला धाग्यावाचून सोडलं नाही, त्याने मला सोडलं होतं. मी गप्प बसलो असतो तर ते प्रकरण तिथेच मिटलं असतं, आणि सखारामजी समाधानाने घरी गेले असते. गप्प बसावं, असं मला फार वाटलं. कापडाची पहिली गाठ बसली. दुसरी बसत होती.

"सखारामजी," मी म्हणालो, आणि कॉलेजात चार वर्षं घासूनपुसून घेतलेली माझी भाषा एकदम कुठे गेली कोण जाणे, तोंडातून इंझोरीच निघाली, "म्या नाही वाचली जी पुरी. आठच पानं वाचली."

त्यांचे हात थांबले. त्यांनी गाठ सोडली, वही उघडली, शेवटाकडे गेले. तिथे तो धागा होता. एकवीस वर्षांचा असेल, की त्यांनी नवा ठेवला असेल, मी विचारलं नाही. तो जागेवर होता.

मला वाटलं, आता हे मला उठवतील आणि पुन्हा या निंबाखाली पाऊल ठेवू देणार नाहीत. मी म्हणालो, "ते पहिलं पान मी फाडून टाकतो."

"खबरदार! खटल्याच्या मिसलीतला कागद फाडता येत नाही, इतकं बी. ए.ले समजू नये?" मग आवाज खाली आला. "अपील करता येते. कर."

"कसं?"

"शेठनं केलं तसं. वाच. मोठ्यानं. पहिल्या पानापासून."

मी वाचायला लागलो. पवळ्या बैल आला, नाव नसलेला दुसरा बैल आला. गाव आलं, नदी आली. मी बघितलं, सखारामजींचे ओठ माझ्या बरोबरीने हलत होते. त्यांना प्रत्येक शब्द पाठ होता. आठवं पान गेलं. नववं, दहावं. गाडी चालली होती, आणि साळू कोणालाच काही विचारत नव्हती. तहान लागली, पाणी कुठे ते विचारलं नाही. ऊन झालं, अजून किती लांब ते विचारलं नाही. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की मला आता साळूने एकदा तरी तोंड उघडावं असं वाटू लागलं आहे. कथानक नाही, असं मी शाईने लिहून ठेवलं होतं. कथानक होतं. मीच गाडीतून आठव्या पानावर उतरलो होतो.

धागा आला. मी तो बोटाने अलगद बाजूला केला. शेवटचं पान असं होतं : गाडी शेलूबाजारच्या बाजारात थांबते. बैल सोडतात. झाडाखाली एक माणूस गोणपाटावर बसून कागदावर लिहीत असतो. लोक त्याला काही सांगतात आणि तो ते लिहितो. साळू गाडीतून बघते. बघता बघता खाली उतरते. नव्या नवरीने उतरू नये, तरी उतरते. त्या माणसासमोर जाऊन उभी राहते. तो वर बघतो. आणि मग शेवटची ओळ :

"मग साळूने त्याला विचारले की"

एवढंच. पुढे कागद कोरा.

कचेरीच्या कौलांवर ऊन राहिलं नव्हतं. सखारामजी म्हणाले,

"काय इचारलं असन रे नामदेव तिनं?"

त्यांनी मला नावाने हाक मारली, हे मला घरी गेल्यावर कळलं.

"एकवीस वर्सं मी इचार करून राह्यलो. कधी वाटते, पान्याचं इचारलं असन. कधी वाटते, गाव किती कोस हाये ते. कधी वाटते, माहं नाव लिहून देता का म्हतलं असन. तू इतका शिकलेला. तू सांग."

मला प्रत्येक पुस्तकावर मत असे. न वाचलेल्या पुस्तकांवर तर जास्तच. त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "मले नाही सांगता येत, सखारामजी."

"मंग फैसला?"

मी टाक उचलला. माझ्याच शाईच्या ओळींखाली थोडी जागा होती. काय लिहावं, ते सुचलं होतंही. पण त्यांनी पानावर हात ठेवला.

"आज नको. तारीख दे."

मी लिहिलं : "अपील दाखल. पुढील तारीख, पुढल्या वर्षी, शाळा सुरू झाल्यावरचा पहिला शनिवार." खाली सही केली. बी. ए. लिहायचं राहून गेलं. सखारामजींनी ते पाहिलं आणि टाक माझ्या हातात पुन्हा दिला. "लिही, लिही. तिच्या वहीत बी. ए. पायजेच. तिले आवडलं असतं."

पुढे चार वर्षं आम्ही त्या शनिवारी बसलो. मी वाचायचो, ते ऐकायचे, तेच विचारायचे, मी तेच सांगायचो आणि पुढची तारीख पडायची. लढाई सुरू झाली, कागद महागला, शेलूबाजारच्या पुड्यासुद्धा पळसाच्या पानात येऊ लागल्या. सखारामजी म्हणायचे, आता आरोपीच पैदा होत नाहीत. पाचव्या वर्षी ते स्वतःच तारखेला हजर राहिले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर चार दिवस पडून होते आणि गेले. फुलचंदशेठनी लाल बस्ता आणून माझ्या दारात ठेवला. "हे तुमच्या नावानं बांधून ठेवलं होतं," म्हणाले, आणि दुकान उघडं टाकून आले होते म्हणून लगेच परत फिरले. पण वळणावर थांबून डोळे पुसताना मला दिसले.

वही आता माझ्याकडे आहे. तारीख मी चुकवत नाही. शाळा सुरू झाली, की पहिल्या शनिवारी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचतो. घरची माणसं एव्हाना सरावली आहेत.

यंदा वाचताना मात्र एक झालं. शेवटच्या ओळीपर्यंत आलो आणि एकदम वाटलं, तिने दुसऱ्या बैलाचं नाव विचारलं असेल. पहिल्या पानापासून तिच्या मनात तेच राहिलं असणार. गाडीत कोणाला विचारता येईना, आणि समोर बसला होता लोकांचं सगळं ऐकून घेणारा एक माणूस. मी उठून उभा राहिलो. टोपी घातली. चपला पायात सरकवल्या. हे सखारामजींना सांगायला हवं म्हणून दारापर्यंत गेलो, आणि तिथे थांबलो.

मग परत आलो. धागा त्याच्या जागी ठेवला आणि पुढची तारीख लिहिली.